फरशीच्या फटीतलं गवत आणि घरातली चार मतं

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं. वय 61. घरामागे पॅटिओ आहे, सहा-सात वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवून घेतलेले, आणि आता प्रत्येक सांध्यातून गवत. उपटलं की पंधरा दिवसांत परत. गुडघे दुखतात म्हणून खाली बसवत नाही. घरात दीड वर्षाचा नातू आहे, जे दिसेल ते तोंडात घालतो, आणि एक मांजर. यजमान म्हणतात तणनाशक मारून मोकळे होऊ, शेजारच्या बाई म्हणतात व्हिनेगर, मीठ आणि भांड्यांचा साबण, अगदी सेफ. मुलगा म्हणतो प्रेशर वॉशर नाहीतर गॅसची फ्लेम गन आणू. ताईंनी स्वतःच्या डोक्याने एकदा ब्लीच आणि पाठोपाठ टॉयलेट क्लीनर ओतून पाहिलं. तीन आठवड्यांनी घरी कार्यक्रम आहे, पाहुणे मागेच बसणार. "मला हे कायमचं घालवायचंय, पण बाळाला काही होता कामा नये. ज्याने फरशी बसवली त्याने खाली प्लास्टिक घातलं नाही, त्याची ही फळं, असं सगळे म्हणतात. मी काय करू?"

ताई, (तुम्ही मला ताई लिहिलंय, वयाने मोठ्या तुम्ही आहात, तर मीही तुम्हाला ताईच म्हणते)

गवताचं नंतर बघू. आधी ते ब्लीचचं. तुम्ही अगदी जाता जाता एका ओळीत लिहिलंय की "ब्लीचने काही झालं नाही म्हणून तिथेच टॉयलेट क्लीनर टाकलं, मग खूप ठसका लागला आणि डोळे चुरचुरले, म्हणून आत येऊन पडले." तो ठसका साधा नव्हता. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन गॅस तयार होतो, आणि टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅसिडच असतं. तुम्ही उघड्यावर होतात म्हणून निभावलं, हेच बंद बाथरूममध्ये झालं असतं तर पत्र आलंच नसतं कदाचित. आणि शेजारच्या बाईंचं व्हिनेगर हेही अ‍ॅसिडच आहे हे लक्षात घ्या, म्हणजे ब्लीच मारलेल्या फरशीवर व्हिनेगर ओतलं तरी तोच गॅस. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको, त्यातून वेगळा पण तितकाच वाईट धूर निघतो. परत कधी असं झालं तर बाटली उचलायला, फरशी धुवायला थांबायचं नाही, आहे तसं टाकून लांब मोकळ्या हवेत जायचं, बाळाला आधी हलवायचं, आणि छाती भरल्यासारखी वाटली किंवा खोकला थांबेना तर डॉक्टरकडे जायचं. क्लोरीनचा त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो, म्हणून "आता बरं वाटतंय" यावर फार विसंबायचं नाही. ब्लीच गवतासाठी नाहीच मुळी. पानं पांढरी पडतात, मूळ खाली मजेत असतं.

आता गवत.

तुमच्या घरातल्या चारही मतांमध्ये मला एक गोष्ट सारखी दिसली, ती म्हणजे सगळे विचारतायत की मारायचं कशाने. आणि पाचवं मत, ते प्लास्टिकचं, ते म्हणतं की गवत खालून येतंय. मला वाटतं गडबड इथेच आहे. एक काम करा, आत्ताच्या आत्ता नको, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, एका सांध्यातलं एखादं छोटं रोप जरा ओलं करून मुळासकट काढा आणि मूळ कुठपर्यंत गेलंय ते बघा. बहुतेक रोपांचं मूळ तुम्हाला दोन ब्लॉकच्या मधल्या काळ्या मातीत अडकलेलं सापडेल, ब्लॉकच्या खाली नाही. ती काळी माती कुणी भरली? कुणी नाही. फरशी बसवताना सांध्यात बारीक वाळू भरतात. मग ती पावसाने थोडी, झाडताना थोडी, मुंग्या उकरून थोडी अशी निघून जाते, आणि रिकाम्या जागेत धूळ, पालापाचोळ्याचा चुरा, शेवाळ असं साठत जातं. सहा वर्षांत त्याचं मस्त खत झालंय. बिया वरून येतात, वाऱ्याने, पक्ष्यांमुळे, चपलेला चिकटून, आणि तुम्ही त्यांच्यासाठी कुंडी तयार ठेवलीय, लांबच लांब, अगदी अरुंद. खाली प्लास्टिक घातलं असतं तरी वरच्या कुंडीला त्याचा काहीच फरक पडला नसता, उलट पाणी तुंबलं असतं ते वेगळंच. तेव्हा त्या फरशीवाल्याला निदान या एका बाबतीत सोडून द्या.

म्हणजे काम गवत मारायचं नाहीये, सांधा रिकामा करून परत भरायचं आहे. मारणं त्यातलं फार तर एक छोटं पाऊल. हे एकदा पटलं की विष मारू की नको हा तुमच्या घरातला वाद बराचसा आपोआप विरतो, कारण पंधरा दिवसांनी जे उगवतं ते जुनं गवत परत आलेलं नसतं बऱ्याचदा, त्याच मातीत पडून असलेल्या नव्या बिया असतात. आणि बिया किती टिकतात म्हणाल तर विल्यम बील नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1879 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये तणांच्या बिया वाळूत मिसळून 20 बाटल्यांमध्ये भरून पुरल्या होत्या, ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून पेरून बघायची म्हणून. 2021 मध्ये म्हणजे 142 वर्षांनी काढलेल्या बाटलीतल्याही काही बिया उगवल्या! मला त्यातली आवडलेली गंमत वेगळीच आहे, ती बाटली रात्री अंधारात उकरून काढतात, कारण उजेड लागला की बिया जाग्या होतील. तुमच्या फरशीवर नेमकं तेच होतं. आपण खरवडतो, खालच्या बियांना उजेड दिसतो, आणि आपण म्हणतो की काय चिवट आहे मेलं. म्हणून खरवडून तसंच सोडायचं नाही, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वाळूने झाकायचं.

व्हिनेगर-मीठ-साबण याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण याच प्रश्नाची पत्रं मला सगळ्यात जास्त येतात आणि सगळ्यांचा शेवटचा शब्द "सेफ" हाच असतो. घरातली वस्तू म्हणून सेफ, हे गणित मला कधी कळलेलं नाही, तुमचं ब्लीचही घरातलंच होतं. साधं व्हिनेगर म्हणजे साधारण 5 टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. दोन-चार पानांचं कोवळं रोप त्याने करपतं, पण मुरलेल्या गवताची फक्त वरची पानं जळतात आणि मुळातून परत फुटवा येतो. मग लोक 20 टक्क्यांचं कडक व्हिनेगर आणतात, आणि ते मात्र बाटलीवर नाव व्हिनेगर असलं तरी कातडी भाजणारं, डोळ्यात उडालं तर डोळा कायमचा अधू करणारं असतं. शिवाय तुमचे ब्लॉक काँक्रीटचे. काँक्रीट, संगमरवर, चुनखडी या सगळ्यांना अ‍ॅसिड खातं, वरचा थर खरबरीत होतो, आणि खरबरीत झालं की शेवाळ अजून छान धरतं. मीठ तर त्याहून वाईट. ते कुजत नाही, नाहीसं होत नाही, पावसाबरोबर सरकत सरकत बाजूच्या वाफ्यात जातं आणि तिथलं तुमचं आवडतं झाड मान टाकतं, तुम्हाला कारणसुद्धा कळत नाही. काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या असतील तर त्या गंजतात. मांजर त्यावरून चालून पंजे चाटणार ते वेगळं. साबणाचं काम एवढंच की पाणी पानावरून घसरू नये. तो फार निरुपद्रवी, पण एकट्याने काही करत नाही. शेजारच्या बाईंना हे असंच्या असं वाचून दाखवू नका हं, शेजार टिकला पाहिजे.

उकळतं पाणी तुमच्या यादीत नव्हतं पण कुणीतरी सुचवणारच, म्हणून लिहिते. कोवळ्या रोपांवर ते चालतं, मागे काही उरत नाही, आणि सगळ्या उपायांत मला सगळ्यात कमी राग याचाच आहे. पण दीड वर्षाचं मूल असलेल्या घरात उकळत्या पाण्याचं पातेलं स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत न्यायचं, मध्ये उंबरा, पायात मांजर. पातेलं नको, हँडल आणि तोटी असलेली छोटी किटली, अर्धीच भरलेली, पायात बंद बूट, आणि बाळ घरात कुणाच्या तरी कडेवर आहे हे डोळ्यांनी बघून मगच. नुसतं "अहो, बाळाकडे बघा" असं ओरडून नाही.

मुलाची फ्लेम गन. त्याला सांगा की जाळायचं नसतं, नुसता चटका द्यायचा असतो, पानावरून ज्योत एक-दोन सेकंद फिरवली की पेशी फुटतात, पान जरा काळपट हिरवं होतं आणि बोटाने दाबलं तर ठसा उमटतो, बास, तेवढंच. निखारा होईपर्यंत धरायची गरजच नसते. पण गवतवर्गातल्या झाडांचा कोंब जमिनीखाली सुरक्षित असतो, त्यामुळे ती परत येतात. आणि वाळलेला पाला, लाकडी कुंपण, प्लास्टिकचे पाइप, यातलं काही जवळ असेल तर विषयच संपला. ओल मुरलेल्या काँक्रीटला जोरदार आच लागली की त्याचे टवके उडतात तेही आहे. आणि ओळखत नसलेलं झाड जाळू नये, काही झाडांचा धूरच विषारी असतो, कण्हेर हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं. तुमच्या घरात बाळ आणि मांजर आहे, मी असते तर नाही म्हटलं असतं.

प्रेशर वॉशरबद्दल मी स्वतः शहाणी झालेय. आमच्याकडे एकदा भाड्याने आणला होता, सगळी फरशी इतकी लख्ख झाली की मी फोटो काढून बहिणीला पाठवले. संध्याकाळी वाळल्यावर बघते तर सांध्यातली वाळू सगळी भिंतीवर, खिडकीच्या काचेवर आणि माझ्या केसात, आणि ब्लॉक पायाखाली टकटक हलायला लागलेले. त्यानंतरच्या पावसात आमच्याकडे आधी कधी नव्हतं तेवढं उगवलं, कारण पाण्याच्या मार्‍याने बिया सगळीकडे पसरल्या होत्या आणि फटी मोकळ्या होत्या. तेव्हा मशीन वापरायचं तर वाळू परत भरायची तयारी आधी ठेवून वापरायचं, नोझल तिरपं, निदान फूटभर लांब, आणि सांध्याच्या रेषेत सरळ मारायचं नाही. पायात बूट पाहिजेच, कारण ती धार कातडीतून आत घुसते, वरून बारीकसं छिद्र दिसतं आणि आत बरंच नुकसान असतं, असं झालं तर "लहानशी जखम आहे" म्हणून घरी बसायचं नाही. विजेचं मशीन असेल तर शॉकपासून वाचवणारा ब्रेकर लाइनला आहे का ते बघा.

आता यजमानांचं तणनाशक. त्यांना मी पूर्ण चूक म्हणणार नाही, थांबा, रागावू नका. आधी तुमच्या सांध्यात नक्की काय उगवलंय ते बघा, कारण सगळ्याला आपण "गवत" म्हणतो. एखादा दांडा चिमटीत धरून फिरवा. गोल फिरला तर लव्हाळा नाही. बोटाला तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा, आणि मग तुमच्या पंधरा दिवसांचं कोडं सुटलं. लव्हाळ्याला खाली काळपट गाठी असतात, माळेसारख्या एकीला एक जोडलेल्या, वरून ओढलं की दांडा हातात येतो आणि गाठ खाली राहते, ती लगेच दुसरा कोंब सोडते. हरळीही तशीच, तिचे धावरे, म्हणजे जमिनीलगत आडवे पळणारे दांडे, ब्लॉकच्या खालून एका सांध्यातून दुसऱ्यात जातात. ही दोन खरंच खालून येतात, एवढ्यापुरतं घरच्यांचं म्हणणं बरोबर निघेल. घोळ असेल, जाड लालसर देठाची, फरशीवर पसरलेली, तर ती उपटायला अगदी सोपी पण उपटून तिथेच टाकायची नाही. मी एकदा उपटलेली घोळ बादलीच्या झाकणावर विसरले, चार दिवसांनी बघते तर बाईसाहेब झाकणावर बसून फुललेल्या. तिच्या देठाचे तुकडे ओलीत मुळं धरतात आणि उपटल्यावरही बी पिकतं. आंबुटीच्या छोट्या शेंगा हात लागला की फुटून बिया उडवतात, ती शेंगा धरायच्या आधी काढायची. तोडल्यावर पांढरा चीक येणारी दुधी असेल तर तो चीक डोळ्याला लागू द्यायचा नाही. आणि गाजर गवत, पांढरी बारीक फुलं आणि गाजरासारखी कातरलेली पानं, हे उघड्या हाताने कधीच नाही, त्याने काहींना अंगावर भयंकर खाज उठते, दम्याचा त्रासही होतो, फुलं यायच्या आधी ग्लोव्हज, फुल बाह्या आणि मास्क घालूनच काढायचं. वड-पिंपळ-उंबराचं रोप भिंतीच्या कडेला दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी ते, दोन बोटांच्या उंचीचं असताना निघतं, नंतर ते फरशी उचलूनच दाखवतं.

तर तणनाशक कधी? माझं मत, फक्त लव्हाळा किंवा हरळी हट्टाला पेटली असेल आणि हाताने तीन-चार महिने करूनही हटत नसेल तेव्हा. घरगुती वापरात सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे ग्लायफोसेट, 1974 पासून बाजारात आहे. ते हिरव्या पानातून आत जाऊन मुळापर्यंत पोचतं, म्हणून लव्हाळ्यावर चालतं, पण नुसत्या मातीवर किंवा बियांवर मारून काही उपयोग नाही, आणि मारल्यावर आठवडा-दोन आठवडे काही दिसत नाही म्हणून लोक परत मारतात, मग परत. ते कॅन्सर करतं का यावर तज्ज्ञांत एकमत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2015 मध्ये "बहुधा कॅन्सरकारक" या गटात टाकलं, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने लेबलप्रमाणे वापरलं तर तसं वाटत नाही असं म्हटलंय. पहिली संस्था बघते की हा पदार्थ कॅन्सर करू शकतो का, किती अंगावर आलं तर किती धोका हे दुसरी बघते, म्हणून दोघांची उत्तरं वेगळी दिसतात. माझा आक्षेप मात्र जास्त साधा आहे. शेतात ते मातीला धरून बसतं, फरशीवर धरायला मातीच नसते, पहिल्या पावसात सगळं गटारात. आणि बाळ रांगतं ते त्याच फरशीवर. मारायचंच ठरलं तर तुमच्याकडचे नियम आणि लेबल दोन्ही वाचा, काही ठिकाणी ते फक्त परवानाधारकांनाच वापरता येतं. स्प्रे नको, ग्लोव्हज घालून छोट्या ब्रशने फक्त पानाला लावायचं, वारा नसताना, पुढचा दिवसभर पाऊस नसेल तेव्हा, आणि लेबलवर सांगितलंय तेवढा वेळ बाळ-मांजर आत. नंतर फरशीवरची मेलेली पानं गोळा करून मगच बाळाला सोडा. पॅराक्वाट नावाचं काही कुणी आणून दिलं तर मात्र घरात घेऊच नका, त्याचा एक घोटही जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही.

मग प्रत्यक्षात करायचं काय, तर तीन आठवड्यांत सगळा पॅटिओ करायचा नाही. "कायमचं" आणि "सगळं" हे दोन्ही शब्द जरा बाजूला ठेवा. बाळ खेळतं तो भाग, येण्याजाण्याची वाट आणि पाहुणे बसणार तो भाग, एवढंच नीट करा. बाकीचं कडेचं गवत कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मुलाला ग्रास कटरने छाटायला सांगा, छाटलेलं हिरवं गवत सांध्यात दिसायला वाईट दिसत नाही हो, आणि कोपऱ्यातल्या सावलीतलं मऊ शेवाळ, जिथे कुणी चालत नाही, ते राहिलं तर कुणाचं काय जातं. चालायच्या जागेवरचं शेवाळ मात्र काढायलाच पाहिजे, तुमच्या गुडघ्यांना एक घसरण परवडणार नाही. कडक ब्रश आणि पाणी पुरतं त्याला. कटर चालवताना चष्मा लावायचा, खडा बंदुकीच्या गोळीसारखा येतो, आणि आजूबाजूला कुणी नको. तारेचा फिरणारा ब्रश लावून करणार असेल तर तीच गोष्ट, तारा तुटून उडतात.

निवडलेल्या भागाला आदल्या रात्री किंवा तासभर आधी पाणी मारा. सुक्या मातीतून रोप ओढलं की कट्कन तुटतं आणि मूळ आतच, ओल्यातून ओढलं की एक ओला "सुळ्ळ" आवाज होतो आणि पांढरं मूळ अख्खं बाहेर येतं, दोनदा केलंत की तो आवाज कानाला कळायला लागतो. पकड अगदी खाली, फरशीच्या रेषेवर. खाली बसायचंच नाही तुम्ही. लांब दांड्याचं, टोकाला काटकोनात वाकवलेलं पातं असलेलं हत्यार मिळतं, उभ्याने सांध्यातून ओढायचं. ते नसेल तर छोटं स्टूल आणि जुनं खुरपं, पण खुरप्याचं टोक सांध्यात शिरतं का ते आधी बघा. दिवसाला पंधरा-वीस मिनिटं, सकाळी, एक पट्टा. सैल ब्लॉक उचलताना हाताने नाही, आधी खुरप्याने कडेने उचकटून खाली बघायचं, विंचू-गोम यांनाही ती थंड जागा आवडते. ग्लोव्हज घालाच, मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर डॉक्टरना विचारून घ्या.

रोपं निघाली की त्याच पात्याने काळी माती निदान इंचभर खोल खरवडून काढायची, हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही, लोक नेमकं हेच सोडतात. सगळं पूर्ण वाळू द्या, एखादा कडक उन्हाचा दिवस गाठा. मग बारीक, कोरडी, चाळलेली वाळू, समुद्राची नाही आणि मातकट तर अजिबात नाही, फरशीवर पसरून सांध्यांना तिरपा झाडू मारत भरायची, ब्लॉकवर लाकडी ठोकळ्याने हलके ठोके द्यायचे, वाळू खाली बसते, परत भरायची. असं दोन-तीनदा. कोरडी वाळू झाडताना धूळ उडते, ती बारीक सिलिका फुफ्फुसात कायमची बसते म्हणून एन 95 मास्क, आणि बाळ आत. पॉलिमेरिक सँड म्हणून मिळते, तिच्यात चिकटवणारा पदार्थ असतो, पाणी शिंपडलं की घट्ट होते, गवताला जागा कमी मिळते. चांगली आहे, पण फरशी पूर्ण कोरडी हवी, वर सांडलेली भुकटी फुंकून किंवा झाडून काढल्याशिवाय पाणी मारलं तर पांढरे डाग पडतात ते जात नाहीत, आणि दिवसभर पाऊस नको. ब्लॉक हलत असतील तर तिच्यावर पैसे घालवू नका, आधी ब्लॉक बसवून घ्या. ज्या वाचकांची फरशी सिमेंटने सांधलेली आहे त्यांना वाळूचं हे लागू नाही, त्यांनी तडा गेलेला सांधा उकरून परत सिमेंट भरायचं, फक्त ओल्या सिमेंटमध्ये गुडघे टेकवून बसू नका. सिमेंटने कातडी भाजते, आणि ते लगेच कळत नाही, पँट भिजून तासभर झाल्यावर आग व्हायला लागते.

काढलेलं सगळं काळ्या पिशवीत भरून पिशवी बांधून कचऱ्यात, खताच्या खड्ड्यात नाही, निदान बिया धरलेलं आणि लव्हाळा-हरळी तर नाहीच. नंतर आठवड्यातून एकदा कडक झाडूने सांधे झाडायचे, पाला कुजू द्यायचा नाही, पाणी कुठे साठतं ते पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बघून ठेवायचं, तिथेच परत माती जमणार. पंधरा दिवसांनी एकदोन कोंब आले तर दोन पानांचे असतानाच चिमटीने. लव्हाळ्याला मात्र दर दोन-तीन आठवड्यांनी, न चुकता, तो गाठीतली शिदोरी खर्चून कोंब काढतो, आपण त्याला पानं पसरू द्यायची नाहीत, म्हणजे गाठ हळूहळू रिकामी होते. एका मोसमात नाही होत. दोन धरा.

आणि शेवटचं, तुम्ही लिहिलंय की मागच्या फडताळात "कसलं तरी जुनं औषध पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेलं आहे, बहुतेक तणनाशकच, यांनीच ठेवलंय." पत्र वाचून झालं की उठा आणि ती बाटली आधी बाळाच्या हाताला न येणाऱ्या कुलुपाच्या जागी ठेवा, वर मार्करने "विष" लिहा, वास घेऊन बघायचा नाही, गटारात किंवा झाडाला ओतायचं नाही, काही मिसळायचं नाही. तुमच्या भागात घातक कचरा गोळा करणारं जे कुणी असेल त्यांना फोन करून ती त्यांच्या ताब्यात द्या, तशीच, झाकण न उघडता.